अर्धा सेंट: डॉली पार्टन या गीतकार बाईविषयी

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘डॉली पार्टनच्या गाण्यांची बांधणी’. त्या बांधणीकडे मी येणारच आहे, तिचं ‘जोलीन’ हे गाणं तर सोडणारच नाही. पण आधी एक गैरसमज दूर करायला हवा, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल.

डॉली पार्टन ही अमेरिकेतली कंट्री संगीताची, म्हणजे तिकडच्या ग्रामीण लोकगीतांतून आलेल्या गाण्यांची, गायिका. तिचं नाव घेतलं की डोळ्यांपुढे काय येतं? सोनेरी केसांचा भला मोठा टोप, चमचमते कपडे, उंच टाचा, लांब नखं. लहानपणी गावातली एक नटवी बाई पाहिली होती, लोक तिला नावं ठेवायचे, आणि हिला मात्र ती जगातली सगळ्यात सुंदर बाई वाटायची. तिच्यासारखं दिसायचं हे तिने तेव्हाच ठरवलं, असं ती स्वतः सांगते. इतकं स्वस्त दिसायला फार पैसे लागतात, हे वाक्यही तिचंच. हसा, हसा, ती हसण्यासाठीच बोलते ते. पण पन्नास वर्षं मुलाखती घेणारे लोक त्या टोपाच्या पुढे गेले नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि अलीकडे दुसरं टोक. डॉली म्हणजे दानशूर बाई. मुलांना घरपोच पुस्तकं पाठवणारी, २०२० साली करोनाच्या संशोधनासाठी दहा लाख डॉलर देणारी, २०१६ च्या वणव्यात घर गेलेल्या आपल्या भागातल्या कुटुंबांना सहा महिने पैसे पुरवणारी. सगळं खरं आहे आणि थोरच आहे. ते वर्तमानपत्रांत भरपूर येतं, म्हणून मी त्यात शिरत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. ही बाई आधी लेखिका आहे. शब्द तिचे, चाल तिची, गळा तिचा. तीन हजारांच्या आसपास गाणी लिहिली असतील असा तिचाच अंदाज आहे. आणि लिहिलेल्या ओळीची मालकी काय असते हे तिला ज्या वयात कळलं, त्या वयात आपण फॉर्मवर सही कुठे करायची ते दुसऱ्याला विचारतो.

टेनेसी राज्यातली सेव्हियर काउंटी, स्मोकी पर्वतांचा पायथा. १९ जानेवारी १९४६ ला एका खोलीच्या लाकडी घरात तिचा जन्म झाला. बारा भावंडांतली चौथी. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून वडिलांनी मक्याच्या पिठाची गोणी दिली. वडील तंबाखूची शेती करायचे, अत्यंत हुशार माणूस, पण लिहिता-वाचता येत नव्हतं. आजोबा धर्मोपदेशक. आई जुनी गाणी म्हणायची, पर्वतापलीकडून, समुद्रापलीकडून आलेली, खून आणि विरह आणि मेलेली लेकरं असलेली लांबलचक कथागीतं. मक्याच्या कणसाची बाहुली होती, तिच्यावर डॉलीने पाच-सहा वर्षांची असताना गाणं रचलं. तिला स्वतःला अजून लिहिता येत नव्हतं, म्हणून आईने ते कागदावर उतरवून घेतलं. मला या घराचं फार अप्रूप वाटतं. वडिलांना अक्षरओळख नाही, पण पोरीने काहीतरी रचलंय आणि ते जपून ठेवायला हवं, ही समज त्या घरात होती.

पुढचं भराभर सांगते. दहाव्या वर्षी नॉक्सव्हिलच्या रेडिओ-टीव्हीवर. तेराव्या वर्षी ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमाच्या मंचावर, म्हणजे कंट्री संगीताच्या पंढरीतच म्हणा. तिथे तिची ओळख करून दिली गायक जॉनी कॅशने. १९६४ मध्ये शाळा संपली, आणि दुसऱ्या दिवशी ती कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलला निघाली. पोचली त्याच दिवशी कपडे धुवायच्या दुकानाबाहेर कार्ल डीन भेटला. १९६६ ला लग्न, आणि २०२५ मध्ये तो जाईपर्यंत संसार. नवरा सहसा कॅमेऱ्यासमोर आला नाही, म्हणून लोक त्याच्याविषयी काय काय बोलत राहिले. आपल्याला त्याच्याशी काम ‘जोलीन’पुरतंच आहे.

आता नॅशव्हिल. हे गाव गायकांचं आहे असं आपण समजतो. ते प्रकाशकांचं गाव आहे. थोडं मागे जाऊ या. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा माणूस व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन आला. डोंगरातून गाणारे लोक आले, कार्टर कुटुंब आलं, जिमी रॉजर्स आला, आणि कंट्री संगीताचा धंदा तिथून उभा राहिला. एका गाण्याचे पन्नास डॉलर रोख मिळाले की ती माणसं खूष. पीअर कंपनीकडून पगार घेत नव्हता. त्याने मागितले होते गाण्यांचे प्रकाशन हक्क. गाणाऱ्याला पन्नास डॉलर मोठे वाटले, आणि पीअरला ठाऊक होतं की गाणं म्हणजे जमीन आहे, पीक दरवर्षी येतं.

हे नीट कळलं की पुढची सगळी गोष्ट कळते, म्हणून दोन मिनिटं देते. रेकॉर्डमध्ये दोन मालमत्ता असतात. एक ध्वनिमुद्रण, ते कंपनीचं. दुसरी रचना, म्हणजे शब्द आणि चाल. रचनेच्या कमाईचे परंपरेने दोन अर्धे होतात: एक लिहिणाऱ्याचा, एक प्रकाशकाचा. नवा लेखक नॅशव्हिलला आला की प्रकाशकाकडे जातो, आपला अर्धा ठेवतो, दुसरा अर्धा त्याला देतो, बदल्यात प्रकाशक ते गाणं गायकांपर्यंत नेतो. यात गैर काही नाही. पण डॉलीने विशीतच काय केलं? बिलमामाला बरोबर घेऊन स्वतःचीच प्रकाशन संस्था काढली. त्याच बिल ओवेन्सने तिला लहानपणी गिटार दिली होती. पुढे आणखी एक संस्था, सर्वस्वी तिची. म्हणजे दोन्ही अर्धे घरात. आई गाणं कागदावर उतरवून ठेवत होती, तेच काम मुलीने कायद्याच्या भाषेत केलं.

१९६७ मध्ये तिला पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात घेतलं. पोर्टर म्हणजे बडं प्रस्थ, खडे जडवलेले कोट घालणारा. कार्यक्रमाचे प्रायोजक औषधवाले, पोट साफ होण्याची पूड विकणारे. तर गाणं, विनोद, पोटाची पूड, पुन्हा गाणं. आधीची गायिका नॉर्मा जीन लोकांची लाडकी होती, म्हणून सुरुवातीला डॉली मंचावर आली की प्रेक्षक नॉर्मा जीनच्या नावाने ओरडायचे. ती टिकली. पाच वर्षं राहीन म्हणाली होती, सात राहिली. ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ हे गाणं तिने १९६९ मध्ये याच दौऱ्यांच्या बसमध्ये लिहिलं. सुचलं तेव्हा कागद नव्हता. पोर्टरचे कोट धुलाईहून आले होते, त्यांना अडकवलेली पावती काढून तिच्या पाठीवर लिहिलं. गाणं गाजल्यावर पोर्टरने ती पावती चौकटीत बसवून घेतली. त्या माणसाला चांगलं गाणं कळत होतं, हे मान्य करायलाच हवं.

पण तिला स्वतःचा मार्ग धरायचा होता आणि पोर्टर तिला सोडायला तयार नव्हता. रोज भांडणं. शेवटी तिने ठरवलं की बोलून हा ऐकणार नाही, लिहून सांगू. ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ हे गाणं तिथून आलं. मंडळी, आपल्याकडे लग्नांत हे गाणं लावतात! अहो, तो राजीनामा आहे. नोकरी सोडणाऱ्या बाईने मालकाला गाऊन दाखवलेला राजीनामा. तिने त्याच्या कचेरीत जाऊन ते म्हटलं, आणि पोर्टर रडला. म्हणाला, जा, पण या गाण्याची रेकॉर्ड मीच करणार. १९७३ च्या जूनमध्ये ते ध्वनिमुद्रित झालं, १९७४ मध्ये कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे १९७९ मध्ये त्याने तिच्यावर तीस लाख डॉलरचा दावा लावला, तो कोर्टाबाहेर मिटला. आणि तरीही २००७ मध्ये, पोर्टरला ऑप्रीत पन्नास वर्षं झाली तेव्हा, तिने त्याच्यासमोर उभं राहून हेच गाणं म्हटलं. त्याच वर्षी तो गेला.

आता ज्याच्यासाठी मी आज इथे आले ती गोष्ट. गाणं गाजलं आणि एल्व्हिस प्रेस्लीला ते म्हणायचं होतं. डॉलीच्या आनंदाला सीमा नव्हती. तिला ध्वनिमुद्रणाला बोलावलं होतं, तिने गावभर सांगून ठेवलं होतं. आदल्या दिवशी एल्व्हिसचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांचा फोन आला. एल्व्हिस गाणं म्हणणार असेल तर प्रकाशन हक्काचा अर्धा वाटा आम्हाला द्यावा लागतो, हा आमचा नियम आहे. आणि तो नियम होताच, कर्नल खोटं बोलत नव्हते. ‘डोन्ट बी क्रुएल’ ऑटिस ब्लॅकवेलने लिहिलं, त्यावर सहलेखक म्हणून एल्व्हिसचं नाव लागलंय. एल्व्हिसने म्हटलं की लाखांनी खप, म्हणून मोठमोठे लेखक निमूट सही करायचे.

आता हिशेब करू या. मला हिशेब आवडतो. अमेरिकेत एका रेकॉर्डमागे रचनेचे दोन सेंट द्यायचे, असा दर १९०९ च्या कायद्याने ठरवला होता आणि तो १९७७ संपेपर्यंत तसाच होता. दोन सेंट. त्यातला एक सेंट लेखकाचा, एक प्रकाशकाचा. प्रकाशकाच्या सेंटाचा अर्धा कर्नलना हवा होता. म्हणजे एका रेकॉर्डमागे अर्धा सेंट! एवढ्यासाठी एल्व्हिसला नाही म्हणायचं? डॉली तिशीही न गाठलेली, नुकती पोर्टरच्या छत्राखालून बाहेर पडलेली, घरची गरिबी अजून आठवणीत ताजी. ती नाही म्हणाली. हे गाणं मी माझ्या माणसांसाठी ठेवतेय, असं तिचं उत्तर होतं. आणि मग रात्रभर रडली. ते रडणं तिने कधी लपवलं नाही, म्हणून मला तिचा जास्त आदर वाटतो. तिला गमावल्याचं कळत होतं, आणि तरी तिने दिलं नाही.

इथे मला माझं थोडं दुखणं सांगू द्या. मी सुगम संगीताच्या कार्यक्रमांचं निवेदन करते, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलंय. एका गावच्या आयोजकांनी माझी संहिता परत पाठवली. गीतकारांच्या नावांवर सगळीकडे लाल रेघ. वर टीप: ताई, ही नावं गाळली तर एक गाणं जास्त बसेल. मी घड्याळ लावून बघितलं. ‘गीत ग. दि. माडगूळकर’ म्हणायला तीन सेकंद लागत नाहीत. वीस गाण्यांचं मिळून एक मिनिट. एका मिनिटात कुठलं गाणं बसवणार होते? मी नावं वाचली. पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही. पैशांचं मला काही वाटलं नाही, पण त्या लाल रेघेचा राग अजून गेलेला नाही. आकाशवाणीने आपल्याला किती चांगली सवय लावली होती: गीत अमुक, संगीत अमुक, स्वर अमुक. आता मोबाइलवर गाणं लावलं की गायकाचा फोटो येतो, आणि लिहिणारा शोधायला चार ठिकाणी बोट लावावं लागतं. आपल्या संतांना हे बरोबर कळलं होतं. ‘तुका म्हणे’ शेवटच्या चरणात शिवून टाकलं, आता काढा बरं ते नाव! होनाजीने तेच केलं. चित्रपटगीतात ती सोय राहिली नाही, आणि लिहिणारा करारावर सही करून मोकळा झाला. आपल्या कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क त्यांना स्वतःलाही सहीने देऊन टाकता येणार नाही, अशी तरतूद व्हायला २०१२ उजाडलं. जावेद अख्तरांनी त्यासाठी राज्यसभेत किती आग्रह धरला ते आठवा. डॉली पार्टनने तेच एका फोनवर, एकटीने केलं होतं, कायदा पाठीशी नसताना.

मग १९९२. ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी दुसरंच एक गाणं ठरलं होतं, ते बारगळलं, आणि चित्रपटाचा नायक केव्हिन कॉस्टनरने हे सुचवलं. नायिका असलेल्या गायिका व्हिटनी ह्यूस्टनने म्हटलं. अमेरिकेच्या मुख्य यादीत चौदा आठवडे पहिला क्रमांक, आणि त्या अल्बमच्या जगभरात चार कोटींहून अधिक प्रती. तोवर कायद्याचा दर सव्वासहा सेंटांवर गेला होता, आणि दोन्ही अर्धे अजून डॉलीच्याच घरात होते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. अमेरिकेत रेडिओ स्टेशन गाणं वाजवतं तेव्हा पैसे रचनाकाराला आणि प्रकाशकाला मिळतात, गायकाला मिळत नाहीत, आजही. व्हिटनीचा आवाज दिवसभर देशभर घुमत होता आणि प्रत्येक वेळी हिशेब डॉलीच्या खात्यात जमा होत होता. गायकांवरचा हा अन्यायच आहे, माझं स्पष्ट मत आहे, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय. त्या पैशांतून डॉलीने नॅशव्हिलच्या कृष्णवर्णीय वस्तीत दुकानांची एक इमारत घेतली, आणि व्हिटनीने बांधलेलं घर म्हणून ती त्याचा अभिमान सांगते.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं, मग बांधणी आता पटापट.

पहिलं, गरिबीची गाणी. दोन गाणी जोडीने ऐका. ‘कोट ऑफ मेनी कलर्स’मध्ये आई चिंध्या जोडून लेकीला कोट शिवते, शिवताना बायबलमधल्या योसेफाच्या रंगीत झग्याची गोष्ट सांगते, मुलगी अभिमानाने शाळेत जाते आणि पोरं हसतात. यातली कारागिरी अशी की गाणारी शेवटपर्यंत त्या मुलीच्या उंचीवरूनच बघते. पोरं का हसतात ते तिला खरोखरच कळत नाही. दया मागणारी एकही ओळ नाही. दुसरं त्याआधीचं, १९६८ चं, ‘इन द गुड ओल्ड डेज’. त्यात वडिलांचे रक्ताळलेले हात आहेत, गारपिटीने गेलेलं पीक आहे, आणि आठवणी अनमोल असल्या तरी पैसे दिले तरी पुन्हा तसं जगणार नाही, असं ती स्पष्ट म्हणते. कोटाचं गाणं गोड म्हणून सगळे घेतात. हे दुसरं शेजारी ठेवल्याशिवाय पहिल्याचं वजन कळत नाही.

दुसरं, ‘जोलीन’, १९७३. बँकेत तांबड्या केसांची एक कारकून मुलगी कार्लशी जरा जास्तच गोड बोलायची, तो बीजाचा भाग. नाव मात्र स्वाक्षरी मागायला आलेल्या एका छोट्या मुलीचं. आता रचना बघा. सवतीवरची गाणी कंट्रीत ढिगाने आहेत, बहुतेक शिव्याशाप किंवा झिंज्या धरण्याची धमकी. डॉलीने काय केलं? शाप काढूनच टाकला. पत्नी समोरच्या बाईचं रूप इतक्या बारकाईने वर्णते की प्रेमगीत वाटावं. चालीत मायनर, म्हणजे उदास वाटणारी, सुरावट आहे, आईच्या त्या जुन्या कथागीतांची. गिटारची बोटं एकदाही थांबत नाहीत, जीव मुठीत धरून बोलणाऱ्या बाईच्या श्वासासारखी. आणि ध्रुवपदात नाव चार वेळा, प्रत्येक हाकेला सूर वर. नवरा कुठे आहे? तो फक्त झोपेत बरळतो. सगळा व्यवहार दोन बायकांत, आणि जोलीनने काय उत्तर दिलं ते गाण्यात येतच नाही.

तिसरं, ‘नाइन टू फाइव्ह’, १९८०. त्याच नावाच्या चित्रपटात काम करीन पण शीर्षकगीत मी लिहिणार, ही तिची अट होती. चित्रीकरणात रिकामा वेळ असायचा, तेव्हा लांब खोट्या नखांवर नखं घासली की टाइपरायटरसारखा आवाज येतो हे तिच्या लक्षात आलं, आणि गाणं त्या ठेक्यावर बसलं. ध्वनिमुद्रणातही ती नखं वाजवली आहेत. लोक ज्या नखांवरून तिची थट्टा करत होते, त्याच नखांवर तिने कचेरीतल्या बायकांच्या पगाराचं आणि बढतीचं गाणं उभं केलं. बॉस्टनमध्ये त्याच नावाची कारकून स्त्रियांची खरी संघटना १९७३ पासून काम करत होती, चित्रपटाची प्रेरणा तीच.

आणि शेवटचं, कारण संयोजक उभे राहिलेत. घरी गेल्यावर ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’चं १९७३ चं मूळ ध्वनिमुद्रण ऐका, व्हिटनीचं नंतर. मूळ गाण्यात तिसरं कडवं डॉली गात नाही, बोलते. समोरच्याला सुख लाभो, स्वप्नं पुरी होवोत, आणि सगळ्यांहून जास्त म्हणजे प्रेम मिळो, एवढंच. राजीनाम्यातला हा आशीर्वादाचा भाग, तो सुरात घेतला असता तर उपचार वाटला असता. १९९२ मध्ये निर्माता डेव्हिड फॉस्टर गायिका लिंडा रॉनस्टाटने आधी केलेल्या याच गाण्याच्या ध्वनिमुद्रणावरून काम करत होता, आणि त्यात हे कडवं नव्हतंच. डॉलीला ते कळलं तेव्हा तिने स्वतः फोन करून गाळलेल्या ओळी त्याला सांगितल्या, आणि व्हिटनीने त्या म्हटल्या. प्रश्न असतील त्यांनी बाहेर चहाच्या टेबलापाशी या, मी तिथे थांबते.